पदरचं एक वाक्य

लालबागच्या आमच्या चाळीत दुसऱ्या पाळीचे कामगार सकाळी ओट्यावर जमत आणि भाऊ सगळ्यांना पेपर वाचून दाखवत. आधी धोतराच्या सोग्याने चष्मा पुसायचा, सरकारी खुलासा आला की खाकरायचं. कुणी मध्येच तिखटमीठ लावलं, तर म्हणत, "छापलंय तेवढंच ऐका. पदरचं घालायचं असेल तर मी उठतो."

संयुक्त महाराष्ट्राच्या त्या दिवसांत गोळीबार झाला आणि तळमजल्यावरच्या मावशींचा मुलगा गेला. तो दूध आणायला निघाला होता, हे सगळ्या चाळीला माहीत होतं. दुसऱ्या सकाळी मावशी ओट्यापाशी आल्या. त्यांना वाचता येत नव्हतं.

"भाऊ, माझ्या झिलाबद्दल काय लिवल्यानी?"

मी भाऊंच्या मागेच उभा होतो. पेपरात मुलाच्या नावाआधी 'दंगेखोर' छापलं होतं. ते खाकरले. मग संथपणे वाचलं, "दूध आणायला निघालेला निरपराध तरुण."

"खरां लिवल्यानी," म्हणत मावशींनी डोळ्यांना पदर लावला आणि त्या आत गेल्या.

भाऊंनी पेपरची घडी घातली, ती माझ्या हातात दिली आणि चष्मा न पुसताच खिशात ठेवला.

"उद्यापासून दुसरा वाचणारा बघा," ते म्हणाले. "मी पदरचं घातलं."