ब्रीनाच्या गळ्यातली घंटा

माझ्या बहिणीचा नवरा ओरेस्ते. आमच्या डोंगरात याच्याइतका तिरसट माणूस दुसरा नाही. सत्तरीला टेकलाय, पण नोव्हेंबर उजाडला की बंदूक खांद्यावर आणि शिव्या तोंडात. पाद्र्याशी भांडतो, पोस्टमनशी भांडतो, कुणीच नसलं तर धुरकट चुलीशी भांडतो. गोड बोलतो ते फक्त ब्रीनाशी, आपल्या पांढऱ्या कुत्रीशी.

सात वर्षं मी त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. आमच्याकडे रान सगळ्यांचं, पण पक्षी त्याचा, ज्याचं कुत्रं त्या पक्ष्यासमोर थबकलं. भांडण झालं त्या दिवशी माझं कुत्रं थबकलं होतं आणि बार काढला या गृहस्थानं. वर सगळ्यांसमोर शपथ घेतली, "माझीच कुत्री उभी होती, घंटा थांबली होती तिची!" खोटारडा! तेव्हापासून मी त्याला गावभर चोर म्हणत आलो.

यंदा बहीण, आर्जिया, दारात येऊन उभी राहिली. "नेल्लो, जा ना रे त्यांच्याबरोबर. परवा ह्यांचे छर्रे ब्रीनाच्या कानाला चाटून गेले. कुत्री गेली ना, तर हा माणूस उरायचा नाही."

"नाही उरला तर गावाला वाइन पाजीन," मी म्हणालो. तरी गेलो. बहिणीपुढे माझं काही चालत नाही.

चेस्टनटच्या रानात हातभर अंतरावरचं दिसेना, एवढं धुकं. अशा वेळी शिकारी कानानं चालतो. कुत्र्याच्या गळ्यातली घंटा वाजतेय तोवर ते हुंगत फिरतंय. घंटा थांबली की ते पक्ष्यासमोर थिजलं. मग पुढे व्हायचं. थिजलेलं कुत्रं जागचं हलत नाही, म्हणून बारही बेधडक काढता येतो.

"दाजी, जरा सावकाश."

"गप बसायचं काय घेशील?"

धुकं थोडं विरळ झालं. उजवीकडे ओढ्यापाशी घंटा किणकिणत होती. दाजीनं एकदम बोट वर केलं. "थांबली. डावीकडे, त्या खडकाशी उभी आहे."

मला वाटलं, म्हातारा माझी फिरकी घेतोय. तेवढ्यात ओढ्यातून एक लांबचोच्या पक्षी फडफडत उठला आणि जमिनीला धरून निघाला. दाजीनं बंदूक वळवली. त्या पक्ष्यामागे, झुडपातून ब्रीना धावत होती! मी झेप घेऊन नळी वर ढकलली. बार आभाळात गेला.

"माझ्या बंदुकीला हात लावतोस, मुडद्या? सात वर्षांचा सूड उगवतोस काय?"

"कुत्री होती तिथं!"

"कुत्री खडकाशी आहे! घंटा बंद आहे, कान फुटले का तुझे?"

चोराच्या उलट्या बोंबा, असं तोंडावर आलं होतं माझ्या. पण ब्रीना त्याच्या पाठीशी येऊन अंग झटकत होती, घंटा खणाखणा वाजत होती, आणि हा खडकाकडे बोट दाखवत उभा.

तिनं ओलं नाक त्याच्या हाताला लावलं तेव्हा कुठे तो वळला. हलणाऱ्या घंटेकडे बघत राहिला. मग ती मुठीत धरली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"आर्जिया ओरडते ते येतं ऐकू. ही बारीक किणकिण मधेच बुडते, मला वाटतं घंटाच थांबली. झाली सात-आठ वर्षं."

सात-आठ वर्षं. म्हणजे तेव्हा त्याच्या लेखी घंटा खरंच थांबली होती. मला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून त्याचा आणखीच राग आला. मेल्यानं चोर म्हणवून घेतलं, पण बहिरा म्हणवून घेतलं नाही.

त्यानं बंदूक उघडली, काडतुसं काढली आणि माझ्या खिशात कोंबली.

"थांबली की खांद्याला हात लाव आणि काडतूस दे. बोलू नकोस. तुझा आवाज मात्र मेला अजून स्पष्ट येतो."