लेन्सची पाठराखीण

आमच्या आईचा भिंतीवरचा फोटो मावशीच्या लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापून काढलेला आहे. ती गेली तेव्हा तिचा एकटीचा असा एकही फोटो घरात सापडला नाही. मग स्टुडिओवाल्याने त्या घोळक्यातून तिला उचललं, मोठं केलं, मागे निळं आभाळ रंगवलं. पण उजव्या खांद्याशी काळ्या कोटातलं कुणाचं तरी कोपर राहिलंच. ते कुणाचं, यावर घरात अजून एकमत नाही. दर पितृपक्षात आम्ही आईला हार घालतो आणि त्या कोपरालाही.

माझी थोरली बहीण त्या फोटोकडे बघून म्हणायची, "माझ्या वेळी अशी शोधाशोध करत बसू नका. मी माझी सोय करून जाणार आहे."

ती लग्न होऊन इंदूरला गेली. तिथे जवळजवळ चाळीस वर्षं ती घरातली कामं सुरू व्हायच्या आधी पहाटे गाणं शिकली, पण स्टेजवर कधी बसली नाही. सहासष्टाव्या वर्षी तिथल्या बायकांच्या मंडळाने तिला चाळीस मिनिटं दिली. तिने मला मुलुंडला फोन केला.

"गाणं कसंही होऊ दे. मला त्यातला एक फोटो हवा. भिंतीवरचा. कळलं ना कुठला?"

"कळलं. कोपर नसलेला."

"तू त्या क्लासला जातेस ना? मग ये आणि काढ."

त्या क्लासबद्दल सांगायला हवं. मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होते. आज एकाहत्तर संपलं, त्यामुळे तेव्हाच्या मला पोरगी म्हणायला हरकत नाही. ही पोरगी सरकारी कचेरीतून नुकतीच निवृत्त झाली होती आणि घाटकोपरला दर रविवारी फोटोग्राफीच्या वर्गाला जायची. सहा महिन्यांत तिला वाटायला लागलं होतं की जगात प्रकाश फक्त तिलाच दिसतो. बिल्डिंगमधल्या कुणी वाढदिवसाचा फोटो दाखवला की ही आधी मान तिरकी करायची, मग "बॅकग्राउंड जरा बिझी झालंय" असं म्हणायची. पुढच्या वाढदिवसाला मला बोलावणं आलं नाही. केक मात्र घरी पाठवला, तो खाल्ला.

हॉलमध्ये फ्लॅश चालणार नव्हता आणि स्टेजजवळ कुणाला फिरकू देणार नव्हते. म्हणजे अंधारात, लांबून काढायचा फोटो. त्याला लागते ती दुधी भोपळ्याएवढी पांढरी लेन्स, आणि ती विकत घेणं माझ्या ऐपतीत नव्हतं. वर्गातल्या एकाने अंधेरीच्या एका दुकानाचा पत्ता दिला. तिथे कॅमेरे, लेन्स, लाइट सगळं भाड्याने मिळतं.

दुकान म्हणजे जिन्याखालची एक लांबट खोली. काउंटरमागे मालक, आणि त्याच्या बाजूला स्टुलावर पन्नाशीचा एक किडकिडीत माणूस मांडीवर पिवळं फडकं घेऊन लेन्स पुसत बसलेला. मालकाने माझी कागदपत्रं बघितली, लेन्स बाहेर काढली आणि विचारलं, "शूट कुठे आहे, मॅडम?"

"इंदूरला."

"मग हे बरोबर येणार." त्याने स्टुलावरच्या माणसाकडे बोट केलं. "बाहेरगावी गियर गेला की अटेंडंट जातो. त्यांचं तिकीट, राहणं, जेवण तुमच्याकडे. आपल्याकडे सगळीकडे असंच असतं."

मला हे नवीन होतं. नवी नवरी सासरी निघाली की बरोबर पाठराखीण देतात, तशी ही लेन्सची पाठराखीण. तो माणूस उदयपूरला, कोइमतूरला, कुठे कुठे जाऊन आला होता म्हणे. काय बघितलंस तिथे, असं मी विचारलं तर त्याने शांतपणे सांगितलं, "बॅगा."

आता शहाण्या बाईने काय केलं असतं? त्याचं तिकीट काढलं असतं. आमच्या पोरीला मात्र अपमान वाटला. माझ्यावर विश्वास नाही म्हणजे काय? शिवाय बहिणीच्या दोन खोल्यांत या परक्या पुरुषाला झोपवायचं कुठे, आणि तिच्या सासूबाईंना सांगायचं काय, की हा कॅमेऱ्याबरोबर आलाय? मी दोन दिवस थांबले. मालक नसेल अशी दुपारची वेळ साधून परत गेले आणि काउंटरवर जो बसला होता त्याला म्हटलं, इंदूरचं रद्द झालं, आता मुलुंडलाच कार्यक्रम आहे. मुंबईतल्या मुंबईत पाठराखीण लागत नाही. त्याने पावतीवर 'मुलुंड' लिहिलं आणि लेन्स दिली. स्टुलावरचा माणूस फडक्यावरून मान वर करून एकदा माझ्याकडे बघून परत पुसायला लागला.

सरकारी नोकरीत इतकी वर्षं एक खोटी रजा टाकली नव्हती मी. निवृत्त झाल्यावर सुरुवात केली.

दुकानाने लेन्सबरोबर जाड, काळी, आतून गादी लावलेली बॅग दिली होती. ती बघूनच चोराला कळलं असतं की आत काय आहे. म्हणून मी ती घरीच ठेवली आणि माझ्या डोक्याने पॅकिंग केलं. पैठणी ज्या मलमलच्या कापडात ठेवतो त्यात लेन्स गुंडाळली. दिवाळीच्या लाडवांचा पत्र्याचा मोठा डबा घेतला, घट्ट झाकणाचा. वर्गात शिकवलं होतं की मुंबईच्या दमट हवेत लेन्सला बुरशी धरते. बुरशी, कसर, झुरळ, काहीही म्हणा, आमच्या घरात त्यावर एकच उपाय. रेशमी साडी, शाल, लग्नातला कोट, जे जे महाग ते ते डांबर गोळ्यांत. मी चार गोळ्या टाकल्या. मग लेन्स फारच महाग आहे हे आठवून आणखी दोन.

रिक्षाने बोरिवली गाठली आणि गाडीत बसले. डबा सोडला नाही. समोरच्या काकूंनी विचारलं, "डब्यात काय?" मी म्हटलं, "लाडू." काकू रतलामपर्यंत माझ्याकडे प्रेमाने बघत होत्या.

कार्यक्रम दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला होता. आम्ही चारला हॉलवर पोचलो. मेकअपच्या खोलीत ताई तानपुरा लावत बसली. मी डबा उघडला. जुन्या कपाटाचा भपकारा आला, पार तानपुऱ्यापर्यंत.

ताई म्हणाली, "कुणाचं लग्न आहे का गं?"

मी लेन्स कॅमेऱ्याला लावली आणि तिच्याकडे रोखली. समोर ताई नव्हती. पांढरं काहीतरी होतं, त्यात हिरवं काहीतरी, ते हललं. लेन्स काढून बघितली तर पुढच्या काचेवर दुधाच्या सायीसारखा पातळ थर. मागच्या काचेवरही. मी पदराचं टोक घेतलं आणि पुसलं. साय होती ती फासली गेली.

"काय झालं तुझ्या दुर्बिणीला?"

"काही नाही. थोडं धुकं आहे."

"इंदुरात? मे महिन्यात?" तिने तानपुरा खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. हळू आवाजात म्हणाली, "हे बघ, चाळीस वर्षांत एकदा बसतेय. परत कोण बसवणार आहे मला?"

तेव्हाचे मोबाईल म्हणजे त्यावर लांबून काढलेला माणूस तांदळाएवढा दिसायचा. भिंतीवर लावायला तो चालला नसता. मी बाहेर पॅसेजमध्ये गेले आणि पावतीवरचा नंबर लावला. मालक बाहेर गेला होता. फोन स्टुलावरच्या माणसाने उचलला. मी काय झालं ते सांगितलं. डांबर गोळ्या सांगितल्या नाहीत.

"हात लावू नका, मॅडम. मुलुंडला कुठला हॉल? मी भांडुपलाच राहतो, आता निघालोच होतो घरी. तासाभरात येतो."

"नको नको, कशाला त्रास?"

"त्रास कसला? घराजवळच आहे."

"नको हो, इथे पार्किंग नाही."

"मी रिक्षाने येणार."

तिकडे दुकानात पंखा घरघरत होता तो ऐकू येत होता. मग तो आपल्याशीच बोलल्यासारखा म्हणाला, "ही बाई खंय आसा कोण जाणे."

हे मालवणी ऐकलं आणि माझा बांध फुटला. आमचे वडील गिरणीत होते, घरात हीच भाषा. कचेरीत गेल्यावर मी ती नीट घडी घालून ठेवली होती.

"मी इंदुराक आसंय," मी म्हटलं.

तो म्हणाला, "माका वाटलाच होता."

"चूक झाली."

"ता मगे बघू. लेन्स कशात घालून नेलंत?"

"लाडवांच्या डब्यात."

"आणि?"

"डांबर गोळ्ये."

"किती?"

"सहा."

तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. "पदरान पुसलात मा?"

"हो."

"आता परत पुसू नकात. दोनव बाजूची झाकणां काढा, पंख्याखाली उभी करून ठेवा. पंखो फुल. ती वाफ आसा, वाऱ्यान जाता. दोन तास हात लावू नकात. रवला काय तर चष्म्याच्या स्वच्छ फडक्यान, हळू. आणि बाये, गाणाऱ्याचो फोटो तोंड मिटलेलो काढा. उघड्या तोंडाचो कोण घेणा नाय."

पहिलं सगळं मी निमूट ऐकलं. शेवटच्या वाक्याला मात्र पोरीच्या नाकाचा शेंडा वर गेला. बॅगा वाहणारा माणूस मला फोटो शिकवतो. मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला.

मेकअपच्या खोलीत एकच पंखा होता, बरोबर ताईच्या डोक्यावर. तिला उठवून कोपऱ्यात बसवलं आणि तिच्या खुर्चीवर लेन्स उभी केली. ताई घामाघूम होऊन कोपऱ्यात सूर लावत होती आणि लेन्स वारा खात होती. मंडळाच्या बाई पाणी घेऊन आल्या, त्यांनी आधी खुर्चीकडे बघितलं, मग ताईकडे. "हे असू दे," ताई म्हणाली, "हे मुंबईहून आलंय."

पावणेसातला साय गेली होती. पदराने फासलेला एक ओरखड्यासारखा डाग राहिला होता, तो चष्म्याच्या फडक्याने गेला. वास गेला नाही. तो फोटोत येत नाही, हे एक बरं.

ताई छान गायली असं लोक म्हणाले. मी ऐकलं नाही. मी शेवटच्या रांगेत उभी राहून बटण दाबत होते. तान आली की दाब, हात वर गेला की दाब. मला वाटत होतं की मी गाणं पकडतेय.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याच्या कॉम्प्युटरवर आम्ही दोघी बघायला बसलो. साडेतीनशे फोटो. पहिल्यात ताईचं तोंड उघडं. दुसऱ्यात आणखी उघडं. तिसऱ्यात डोळे मिटलेले, जबडा एका बाजूला, मान आखडलेली. दाढ उपटताना दिसावी तशी. मी भराभर पुढे गेले. शंभराव्याला ताईने विचारलं,

"मी गाते तेव्हा अशी दिसते?"

"सगळेच दिसतात."

"चाळीस वर्षं सासूबाई समोर बसून चहा घ्यायच्या. त्यांनी कधी सांगितलं नाही."

"त्यांना ऐकू येत नाही, ताई."

"दिसतं तरी." तिने चष्मा काढून पुसला. "यातला एकही लावायचा नाही. त्यापेक्षा कोपर परवडलं."

मी पुढे जात राहिले. हात थांबवला असता तर बोलावं लागलं असतं. भैरवी संपल्यानंतरचा एक होता, अगदी शेवटी. लोक टाळ्या वाजवत होते आणि ताई त्यांच्याकडे बघत नव्हती. ती प्रेक्षकांत मला शोधत होती. सापडल्यावर तिने तोंड मिटून एक भुवई वर केली. आला का? असं विचारत होती. मी काही ठरवून काढलेला नव्हता तो. बोट बटणावरच राहिलं होतं.

ताईने चष्मा परत लावला आणि पडद्याजवळ वाकली. मग म्हणाली, "हा."

मुंबईला आल्यावर मी लेन्स काळ्या बॅगेत घालून अंधेरीला गेले. मालक फोनवर होता. स्टुलावरच्या माणसाने लेन्स हातात घेतली, उजेडात धरली, दोन्ही बाजूंनी बघितली. मग नाकाशी नेली.

"लग्नाक जाऊन इलेली दिसता," तो म्हणाला, मालकाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू. मग पिवळं फडकं घेतलं. "तोंड मिटलेलो गावलो?"

"एक."

"बरा झाला."

मी त्याला सॉरी म्हणणार होते. सहा महिने फोटोग्राफी शिकलेल्या बाईला ते जमलं नाही. "येते," म्हटलं आणि दुकानाबाहेर पडले.

ताईने तो फोटो माझ्याकडून मोठा करून घेतला, लाकडी चौकट केली. आपण गेल्यावर लावतील याची वाट तिने बघितली नाही. मुलं विसरतील किंवा सोफ्यामागे ठेवतील, असं ती म्हणते. गेली तेरा वर्षं तो तिच्या बाहेरच्या खोलीत देवघराशेजारी आहे. नवीन माणूस आला की आत पाऊल टाकताच गप्प होतो, चपला हळू काढतो. एकटीचा, मोठा, चौकटीतला फोटो, तोही देवघराजवळ, म्हणजे काय ते सगळ्यांनाच माहीत असतं. एकदा गॅसवाल्याने हात जोडले. ताई त्याच फोटोखाली खुर्चीत बसून शेंगा सोलत असते. वर ती भुवई उंचावून विचारते आहे, आणि खाली ती म्हणते, "बसा ना. अजून आहे मी."