बापूनं न बसवलेला कपॅसिटर

बापू,

हे वाचताना मध्येच "थांब जरा" म्हणायचं नाही. तुझ्याबद्दल लिहिताना तुझ्याशीच बोलत राहिले, तर तू वाक्यावाक्याला दुरुस्त्या काढशील. म्हणून चार लोकांना सांगावं तसं सांगते. मीही त्यात नुसती ताई.

तर बापू हा ताईचा धाकटा भाऊ. विजेची यंत्रं दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला. घाई कशाशी खातात हे त्याला ठाऊक नाही. चहा पिण्याआधीही कप फिरवून तडा बघतो. ताईचं नेमकं उलटं. कॉलेजात शिकवायची तेव्हा घंटा व्हायच्या आत तिचा धडा संपलेला असे.

ताईची नजर अधू झाली, तसं लेकीनं परदेशातून वाचनाचं यंत्र पाठवलं. खाली पुस्तक ठेवलं की पडद्यावर वाटीएवढी अक्षरं. यंत्राला घरातल्या विजेच्या निम्माच दाब लागे, म्हणून मध्ये पत्र्याच्या पेटीतला कन्व्हर्टर. एका सकाळी त्यातून जळका वास आला, पडदा काळा पडला आणि ताईचं वाचन ठप्प झालं.

बापूनं पेटी उघडली. आत कपॅसिटर म्हणतात तो एक बारका भाग उकलला होता.

"तुझ्या डब्यात ढीगभर पडलेत की. हा घे, दिसायला तसाच," ताई म्हणाली.

"आकडा तोच, पण हा इथे नाही चालत."

"का, रंग आवडला नाही?"

"हा वीज आणि पत्रा यांच्या मधोमध बसतो. साधा घातला आणि आतून गेला, की वीज सरळ पत्र्यावर. इथे सुरक्षेसाठी बनवलेलाच लागतो. तू ओल्या हातानं पेटी सरकवतेस."

"नाही सरकवणार."

"तायडे, जन्मात एक वस्तू जागेवर ठेवली आहेस?"

नवे मागवले. आले, तर बापूनं त्यावरच्या सुरक्षेच्या शिक्क्यावर अंगठा घासला. शाई अंगठ्याला लागली. नकली म्हणून ते परत धाडले. ताईनं कपाळावर हात मारला.

"मग तोवर तू वाचून दाखव. नाहीतर तो साधा मीच डकवते."

बापू रोज संध्याकाळी पुस्तक वाचायला येऊ लागला. पहिल्या दिवशी ऐकवेना. स्वल्पविरामालाही असा थांबायचा, की जणू तिथे शॉक बसेल. मग हळूहळू वाचन गुळगुळीत झालं. रोज जाताना पुस्तक तो घरी का नेतो, हे भावजयीनं फोडलं.

"वन्सं, दुपारी मला समोर बसवून उद्याची पानं घोकतात. भाजी करपते, पण उठू देत नाहीत."

त्या संध्याकाळी बापू निघाला, तेव्हा ताईनं पुस्तक आपणहून त्याच्या हातात ठेवलं.

अखेर खरा कपॅसिटर आला. बापूनं तो बसवला, पत्र्यावर वीज उतरत नाही ना हे मीटर लावून तपासलं, आधी आपल्या घरच्या दिव्यावर चालवून बघितलं, आणि मगच पेटी ताईच्या टेबलावर ठेवली. अक्षरं पुन्हा वाटीएवढी झाली.

पुस्तकाची शेवटची प्रकरणं राहिली होती, आणि पुस्तक होतं बापूकडे. "उद्या आणून देतो," तो म्हणाला.

अजून तो संध्याकाळी येतो, कन्व्हर्टर तापला नाही ना हे हात लावून बघतो, आणि खुर्चीत टेकल्यावर म्हणतो, "पुस्तक राहिलंच की गं."

"राहू दे," ताई म्हणते. "उद्या आण."