रामहरीच्या टाचेतली साडेसाती

आमच्या शनिशिंगणापुरात भक्त येतात आणि साडेसाती सुटावी म्हणून पायातल्या चपला इथंच सोडून अनवाणी परततात. माझा शेजारी रामहरी त्यातली मापाची जोडी निवडतो. गडी साठीला आला, पण त्यानं दुकानातून चप्पल आणल्याचं कुणाला आठवत नाही.

श्रावणात त्याची उजवी टाच दुखायला लागली. त्याच्या बायकोनं, चांगुणावहिनीनं, बाभळीचा काटा समजून सुईनं कोरलं. रक्त निघालं, काटा काही निघाला नाही. मग कुरूप असेल म्हणून पट्टी चिकटवली, मोरीतल्या खरखरीत वजरीनं रोज टाच घासली. महिन्याभरात एकाचे तीन झाले.

"काटा पिल्लं घालतो का रं?" त्यानं मला विचारलं.

"लोकांच्या चपला घालतोस, कुणाची तरी साडेसाती चावली असंल!"

थट्टा मी पारावर केली, अन् संध्याकाळी तीच बातमी होऊन माझ्याकडं परत आली. रामहरीनं तर ती खरीच धरली. सोनईला दिलेल्या त्याच्या लेकीला, मोनिकाला, मुलगा झाला होता, गुरुवारी बारसं. हा हटून बसला, "म्या न्हाई येत. माझी पीडा लेकराला लागली तर?"

"अवो, पयला नातू हाय!" वहिनी रडवेल्या झाल्या, मग माझ्याकडं वळल्या. "भावजी, तुमीच लावलंय हे. तुमीच निस्तरा."

बुधवारी त्याला सोनईच्या डॉक्टरीणबाईंकडं नेला. त्यांनी टाच सरळ दाबली, रामहरी गप्प. दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली, तसा तो कॉटवरून उठलाच.

"कुरूप नाही, चामखीळ आहे."

"चामखीळ मानंवर असती, बाई. वर आल्याली. ही तर आत घुसलीया."

"अंगाचं सगळं वजन तिच्यावर, वर येणार कशी? हे काळे ठिपके पाहा. काटा नव्हे, बारीक शिरांत गोठलेलं रक्त आहे. तळव्याच्या रेषासुद्धा तिला वळसा घालून जातात."

"मग साडेसाती कंची?"

"विषाणू आहे तो. ओल्या फरशीवरून, दुसऱ्याच्या चपलेतून येतो, कातडीला चीर असली की शिरतो. तुम्ही तर कोरून-घासून त्याला दार उघडून दिलंत."

"आमच्या गावात दारं नसत्यातच," मी म्हणालो. बाई हसल्या नाहीत.

रामहरीनं घाबरत विचारलं, "लेकराला मांडीवर घिऊ का?"

"खुशाल घ्या. औषध लावा, वेळ लागेल. मोजे घाला, चप्पल स्वतःची, टॉवेल वेगळा. आणि ती वजरी दुसऱ्या कुणाला देऊ नका."

"देतोय कुनाला? मोरीत पडल्याली असती."

मी माझ्याच पायांकडं बघितलं. त्याच्या घराला दार नाही, माझ्याही नाही. आणि दर रविवारी त्याच्या मोरीतली वजरी आपोआप थोडीच माझ्या मोरीत येते?

बारशाला रामहरी कोऱ्या चपला घालून आला. मोज्यातले पाय आवरून बसला, नातू मांडीवर, आणि चेहरा असा की जणू शनिदेवानं स्वतः पावती दिलीय.

"ये की रं आत, बाळाला घे!" त्यानं मला हाक मारली.

मी उंबऱ्यावरच. सकाळपासून डाव्या टाचेत काहीतरी खुपत होतं. काटा असेल. काटाच असेल.

चांगुणावहिनी माझ्या पायांकडं बघत म्हणाल्या, "भावजी, बूट काढा की."