कडी गंजली नव्हती

आमच्या घरी मधल्या खोलीत छताला एक लोखंडी कडी आहे. पाळणा टांगायची. तिच्याबद्दल गल्लीत सगळ्यांना एक गोष्ट माहीत आहे. माझ्या बायकोला माहीत आहे, आता तर सहा वर्षांच्या मुलीलाही. ती गोष्ट आली कुठून, हे मात्र माझ्या तोंडून आजवर निघालेलं नाही. बायकोजवळ नाही, आईजवळ नाही, देवाजवळही नाही – त्याच्याजवळ मी नुसते हात जोडतो आणि घाईने निघतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या गल्लीत राहत नाही. एवढंच माझं धाडस.

गोंदियाच्या बाजारात माझं हार्डवेअरचं लहानसं दुकान आहे. खिळे, बिजागऱ्या, साखळ्या, कड्या. हे आधीच सांगून ठेवतो. पुढे लागेल.

तेव्हा आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो, वरच्या मजल्यावर. जिना असा की धडधाकट माणसानेही भिंत धरून उतरावं. वैशालीला, म्हणजे माझ्या बायकोला, सहावा महिना लागला होता. एकदा पाण्याची कळशी घेऊन चढताना तिचा पाय घसरला. पडली नाही, पण बराच वेळ पायरीवर बसून राहिली, पोटावर हात ठेवून. त्या दिवशी मी ठरवलं, लेकरू या जिन्यावर आणायचं नाही. आमगावजवळच्या खेड्यावरून आई आली आणि तिने वर आणखी एक गाठ मारली. म्हणाली, "काय घ्याचं ते आताच घे. सातवा लागला का मंग घर बदलाचं नाही." आमच्याकडे हे पाळतात. वैशालीही पाळते. म्हणजे माझ्या हातात महिनाभर उरला होता.

घरं पाहिली. एकाला पाणी नाही, एकाच्या दारातच नाली, एकाचे कागद तीन भावांच्या भांडणात अडकलेले. आणि मग कुडव्याचं हे घर. खालीच, जिन्याची भानगड नाही. पुढे थोडं आंगण, मागे विहीर, तीन खोल्या. एक निवृत्त गुरुजी आणि त्यांची बायको, काकू, तिथे राहायचे. मुलगा-सून रायपूरला, आता म्हातारा-म्हातारी तिकडेच जाणार होते. वैशाली आंगणात उभी राहिली आणि काहीच बोलली नाही. ती काही बोलत नाही तेव्हा तिला ती गोष्ट फार हवी असते.

घर काकूंनी दाखवलं. मधल्या खोलीत आल्या आणि वर बोट केलं. वैशाली विहिरीकडे गेली होती, म्हणून मलाच म्हणाल्या, "सुनेसाठी लावून ठेवली होती, बावा. स्लॅब टाकला तवाच. पोराचं लग्न ठरलं होतं न. नऊ वरसं झाली." मग थोडं थांबून, "योग नाही आला. दर दिवाळीले तेल लावतो मी तिले. आमची सून कधी भेटली तं तिच्यापुढे बोलू नोको, तिले वाईट वाटते."

मी मान हलवली. बारीक, गुळगुळीत, तेलाने काळी झालेली कडी होती ती. सळईला अडकवून स्लॅबमध्येच ओतलेली. दुकानदाराची नजर – पाहताच कळलं, ही पन्नास वर्षं हलणार नाही.

वैशाली आत आली तेव्हा काकूंनी तिच्या पोटाकडे पाहिलं, कडीकडे पाहिलं आणि हसल्या. "तुमालेच मिळो बाई हे घर. बारशाले मले बोलावजो. एकदा तरी पाळणा लागलेला पाहाचा हाय मले येथे."

बाहेर गुरुजी बसले होते. त्यांनी आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावच्या एका माणसाला आधीच हो म्हटलं होतं. बयाणा घेतला नव्हता, पण शब्द दिला होता. गुरुजी शब्दाचे पक्के. "अमावस्या झाली का तो बयाणा घेऊन येते. तो नाही आला तं घर तुमचं," म्हणाले. वैशाली गाडीवर मागे बसून परतीच्या रस्त्याने रडली. आवाज न करता. माझ्या शर्टाला पाठीवर ओल लागत होती.

आता पुढचं सांगायचं म्हणजे – थांबा जरा. तुम्ही म्हणाल, यात काय एवढं, घरासाठी माणूस धावपळ करतोच. मीही स्वतःला तेच सांगितलं होतं. धावपळ. केवढा साळसूद शब्द आहे, नाही? त्याखाली काहीही झाकता येतं.

त्याआधी गोरेगावचा माणूस घर दुसऱ्यांदा पाहायला येणार आहे, हे मला गुरुजींकडूनच कळलं. त्यांनी सरळपणाने सांगितलं, मी वाकडेपणाने लक्षात ठेवलं. मी वळणावरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसलो. योगायोगाने नाही – दुकान बंद ठेवून गेलो होतो. तो आला, मोटरसायकल लावली, चहा मागितला. भला माणूस. धानाची शेती, पोराचं नवीनच लग्न झालेलं, पोराला गोंदियात नोकरी लागलेली. त्या पोरासाठीच घर घेत होता. सगळं आपणहून सांगितलं त्याने. बोलायला सोपा गेला, हेच वाईट झालं. म्हणजे बघा – अजूनही मी त्याच्यावर ढकलतोय.

मी म्हणालो, "अपने को क्या करना है भाऊ, पण तुमच्या घरी नवी सून हाय म्हणून सांगतो. मधल्या खोलीत कडी पाह्यली का?" आणि मग सांगितलं की गुरुजींच्या सुनेचं लेकरू त्या पाळण्यात गेलं. चांगलं खेळतं लेकरू, सकाळी पाहिलं तर गार. तेव्हापासून सून त्या घरात पाय ठेवत नाही. म्हणूनच विकताहेत.

झालं. एवढंच होतं. कप रिकामा व्हायच्या आत झालं. कधी पाळणा न लागलेल्या कडीला मी एक मेलेलं मूल टांगलं. आणि टांगलं कशाने? एका बाईने विश्वासाने सांगितलेल्या दुःखाने. माझ्या डोक्यातून काहीच निघालं नव्हतं, सगळा माल तिचाच होता. मी फक्त थोडा फिरवला.

तो माणूस म्हणाला, "बरं झालं बाप्पा सांगतलं. कायले मंग पाहाचं त्या घराकडे." माझ्या चहाचेही पैसे त्यानेच दिले. आणि गाडी वळवून निघून गेला.

अमावस्या गेली. घर आमचं झालं. सातवा लागायच्या चार दिवस आधी आम्ही राहायला आलो. काकूंनी जाताना उंबरठ्यावर हळदकुंकू वाहिलं आणि कडीला तेल लावून गेल्या, दिवाळी नसताना.

खोटं बोललं की ते संपतं असं मला वाटायचं. दुकानात रोज बोलतो आपण – हा माल कंपनीचा आहे, हा गंजत नाही. गिऱ्हाईक जातं, विषय संपतो. पण त्या गोरेगाववाल्याची चुलत बहीण आमच्याच गल्लीत, चार घरं सोडून राहते. मला कुठे माहीत होतं? माहीत असतं तर दुसरं काहीतरी खोटं बोललो असतो, खरं बोललो नसतो. महिनाभरात गोष्ट गल्लीभर. आणि गोष्टीला पुरावा तयारच होता – कडी. सून लग्नापासून रायपूरलाच, इकडे फारशी यायची नाही; ती का येत नाही, तेही आता लोकांना कळलं. सगळं कसं चपखल बसलं.

वैशालीला आठवा चालू होता. मी दुकानातून आलो तर ती आंगणात खुर्ची टाकून बसलेली. आत जात नव्हती. म्हणाली, "शेजारची सांगून राहिली होती. मधल्या खोलीत गुरुजींच्या सुनेचं लेकरू गेलं म्हणते. खरं हाय का?"

त्या क्षणाकडे मी फार वेळा परत गेलो आहे. खरं सांगून टाकलं असतं तर काय बिघडलं असतं? ती चिडली असती, आठवडाभर बोलली नसती, आईजवळ माझी लाज काढली असती. पण त्या खोलीत निवांत झोपली असती. एका वाक्याचं काम होतं. खोटं आहे म्हटलं, तर ती काकूंना फोन करेल, काकू विचारतील कोण म्हणालं, आणि धागा ओढत ओढत माझ्यापर्यंत येईल – एवढाच हिशेब मला त्या वेळी सुचला. मी म्हणालो, "मीबी ऐकलं होतं. जुनी गोष्ट हाय. काकूले विचारू नोको, दुःख उकरून काढाचं कायले."

तिने माझा हात धरला. तिला वाटलं, मी किती समजूतदार आहे. खोटेपणाला मी दयेचा सदरा घातला आणि तो मला छान बसला. टपरीवरचं खोटं एकवेळ घाईतलं म्हणा. हे नव्हे.

वैशालीची आई नाही, म्हणून बाळंतपण आमच्याकडेच. मुलगी झाली, आर्वी. सगळं सुखरूप. पण पाळणा कडीला लागला नाही. वैशालीने लोखंडी स्टँडचा पाळणा मागवला, बाहेरच्या खोलीत ठेवला. माझ्याच दुकानातून नट-बोल्ट आणून तो मी जोडला.

बारशाला काकू आल्या. रायपूरहून एकट्या, गाडी पकडून. वैशालीने बोलावलं नव्हतं, मी तर नाहीच. गुरुजींनी सहज फोन केला होता, त्यात मुलगी झाल्याचं कळलं त्यांना. येताना त्यांनी पाळण्याचे दोर आणले होते – हिरव्या-लाल सुताचे, स्वतः वळलेले. "कडीच्या उंचीचे केले," म्हणाल्या. मग त्यांना बाहेरच्या खोलीतला स्टँड दिसला. माझ्याकडे पाहून विचारलं, "काऊन, बावा? कडीले नाही लावला?"

"गंजली होती, काकू," मी म्हणालो.

त्या मधल्या खोलीत गेल्या. वर पाहत उभ्या राहिल्या. दर दिवाळीला तेल लावणारी बाई आणि हार्डवेअरचा दुकानदार – गंज कशाला म्हणतात हे त्या घरात आम्हा दोघांनाच नीट माहीत होतं. त्या परत आल्या आणि दोर स्टँडपाशी ठेवून दिले.

नाव ठेवताना बायका पाळण्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहून लेकरू एकमेकींच्या हातात देतात, वरून, खालून. काकूंनी पदर खोचला, हात पुढे केले. तर ती गोरेगाववाल्याची बहीण आडवी आली. म्हणाली, "त्याइच्या हातात नोको देऊ बाई. त्याइच्या घरचं लेकरू येथेच गेलं."

काकूंचे हात तसेच पुढे. त्या म्हणाल्या, "आमच्या घरी लेकरू झालंच नाही, बाई. तं जाईन कुठून?"

गल्लीतल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं – लपवतेय. वैशालीने माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनीच तिला खुणावलं, जाऊ दे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, दुःखाने म्हातारी असं बोलतेय. तिने आर्वीला छातीशी धरलं आणि दुसऱ्या बाईच्या हातात दिलं. काकूंनी पाहिलं माझ्याकडे, नीट पाहिलं. मी फुलांची माळ सरळ करत होतो.

संध्याकाळच्या गाडीसाठी मीच त्यांना स्कूटरवर स्टेशनला सोडलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून बसल्या होत्या. उतरल्यावर म्हणाल्या, "घर चांगलं हाय, बावा. त्या घरात आजवर कोनाचं वाईट झालं नाही." आणि पिशवी उचलून आत गेल्या. मी स्कूटर चालूच ठेवली होती.

पुन्हा त्यांचा फोन नाही. नंबर माझ्या मोबाइलमध्ये आहे. आजही लावता येईल. दोर माळ्यावर आहेत, पिशवीत.

कडी काढायची म्हटलं तर स्लॅब फोडावा लागेल. आणि वैशाली काढू देणार नाही. दर अमावस्येला दिवेलागणीला ती कडीखाली दिवा लावते, त्या लेकरासाठी. गुरुजींच्या घरचे लावत नाहीत ना, मग आपण लावू, म्हणते. आर्वी लहान असताना तापाने फणफणली की ती आधी दिवा लावायची, मग डॉक्टरकडे. सहा वर्षं मी हे पाहतोय. माझी बायको माझ्या खोट्याची पूजा करते, मनापासून करते, आणि मी बाजूला उभा राहून तेलाची वाटी धरतो.

मागच्या अमावस्येला आर्वीने आपल्या वाट्याचा अर्धा लाडू दिव्यापाशी ठेवला. मग मला विचारलं, "बाबा, त्या बाळाचं नाव काय होतं?"

वैशाली स्वयंपाकघरात होती. आम्ही दोघंच होतो तिथे. मी म्हणालो, "नाव ठेवायच्या आधीच गेलं, बेटा."

तिने समजल्यासारखी मान हलवली आणि दिवा विझू नये म्हणून पंखा बंद केला.