गळक्या टाक्याचा बिशप

झबदाई मूळचा गवंडी. कफरनाहलच्या डोंगरावर विहिरीला पाणी लागत नाही. खडकात कोरलेल्या टाक्यांत हिवाळ्याचा पाऊस साठवायचा आणि तोच वर्षभर पुरवायचा. त्या टाक्यांना गिलावा करण्यात त्याची अर्धी हयात गेली. म्हातारा बिशप वारला तेव्हा गावानं, हा नको नको म्हणत असताना, यालाच त्या जागी बसवलं. शांत माणूस आहे, भांडणं मिटवील, एवढाच विचार.

चर्चमागचं मोठं टाकं गळत होतं. दर रविवारी झबदाई सांगायचा, "चार माणसं द्या, महिन्याभरात बुजवतो."

"अब्बा, तुम्ही नुसती प्रार्थना करा," लोक बिशपला म्हणायचे. "तुमचं देव ऐकतो."

"देवानं ऐकलंय. पाऊस पडलाय. तो भोकातून जातोय."

लोक हसायचे आणि घरी जायचे.

शेवटी तो स्वतःच शिडी लावून उतरला. खापरं कुटून केलेली सुरखी चुन्यात कालवून सबंध उन्हाळा एकट्यानं गिलावा केला. बोटं फुटली. त्या हिवाळ्यात टाकं काठोकाठ भरलं आणि गाव म्हणालं, चमत्कार झाला.

पुढच्या उन्हाळ्यात पाणी खाली गेलं, तेव्हा गिलावा जागोजाग खरवडलेला दिसला. चर्चचं बायकांचं दार सांभाळणाऱ्या विधवा शमूनीच्या गळ्यात चिंधीची पुरचुंडी होती.

"यात काय आहे गं?"

"तुमच्या हातचा चुना, अब्बा. नातीचा ताप उतरला."

"तो तीन दिवसांनी आपोआपच उतरतो."

"संत माणसं असंच म्हणतात."

झबदाईनं भट्टीतून ताजा चुना आणला. त्यानं चर्चच्या दारात चुन्याची टोपली ठेवली; हवा तर इथून न्या म्हणाला. कुणी हात लावला नाही.

"तो भट्टीतला," शमूनीनं समजावलं. "त्याला गुण नाही."

मग दर उन्हाळी खाली उतरायचं आणि खरवडलेलं लिंपायचं, हेच होऊन बसलं. गुडघे गेले तेव्हा लोकांनी त्याला पाटीत बसवून दोरानं खाली सोडलं आणि वर उभे राहून स्तोत्रं म्हणायला लागले.

"गाऊ नका, खाली या," तो ओरडला. रिकाम्या टाक्यात आवाज घुमला. अब्बाही गातायत असं वाटून वरच्यांनी आणखी सूर चढवला.

त्यानं थापी उचलली आणि पुढचं भोक धरलं.

तो गेल्यावर त्याच्या नावाचा सण सुरू झाला. दोन वर्षांत टाकं कोरडं पडलं.