भाचीला दाखवलेला मित्र

"पोरीला दक्षिणेकडं तोंड करून उभं केलं! यमाच्या दारात! कोण हाय हा माणूस? धरा त्याला!"

हा माणूस म्हणजे मी. नवरीचा सख्खा मामा, लातूरचा कूलरवाला. ओरडणारी बाई म्हणजे नवऱ्याची आत्या, किल्लारीची. तिच्या आवाजानं नांदेडच्या त्या मंगल कार्यालयातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या आपोआप एकात एक जाऊन बसल्या. खोटं वाटत असेल तर वाढप्यांना विचारा.

झालं असं की गोरज मुहूर्तावर अक्षता पडल्या, जेवणं उरकली, आणि पाठवणीच्या आधी गुरुजी जोडप्याला ध्रुवतारा दाखवायला अंगणात घेऊन आले. उत्तरेला नवं कॉम्प्लेक्स, त्यावर साबणाची जाहिरात, आणि तिच्यावर एवढे दिवे की ध्रुवाच्या जागी रोडरोलर टांगला असता तरी दिसला नसता. गुरुजींनी साबणवाल्या बाईच्या नाकाकडं बोट केलं. "दिसला म्हणा."

भाची म्हणाली, "दिसला." जावई म्हणाले, "दिसला."

मला राहवेना. मी जन्मभर थापा मारल्यात. माझ्या कूलरमुळे औशाच्या एका गिऱ्हाइकाला भर मे महिन्यात न्यूमोनिया झाला, हे मी इतक्यांदा सांगितलंय की त्या गिऱ्हाइकाला आता खरोखर खोकला येतो. पण संसाराचा पहिलाच शब्द खोटा? मी पुढं झालो, दोघांचे खांदे धरले आणि त्यांना गर्रकन फिरवलं.

"थांबा गुरुजी. खरा तारा मी दाखवतो."

दोन लिंबाच्या झाडांमधल्या फटीत, जमिनीपासून जेमतेम मूठभर वर, तो होता. मित्र नावाचा तारा. पेपरच्या पुरवणीत वाचल्यापासून दर उन्हाळ्यात मी त्याला लातूरच्या गच्चीवरून बघत आलोय.

"हा बघा मित्र. दक्षिणेला. आपल्या सूर्याचा शेजारी, आणि गुणानं थेट सूर्यासारखाच. सूर्याचंसुद्धा एक नाव मित्रच आहे. तिथून उजेड इथं यायला चार वर्षं लागतात, म्हणजे नांदेड-लातूर रस्त्यापेक्षा जरा कमीच."

"एकच तर दिसायलाय," मागून कुणीतरी म्हणालं.

"दिसतो एक, पण आहेत दोन. एकमेकांभोवती फिरतात. नवरा-बायको!"

टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की माझं डोकं बंद पडतं आणि तोंड सुटतं.

"आणि तिसरा एक आहे. बारका, तांबडा. लांबून दोघांभोवती चकरा मारतो. डोळ्याला दिसत नाही, पण असतो. घरातली आत्या समजा!"

हशा पिकला, आणि त्या हशातूनच ती ओरडली.

मला वाटलं, टोमणा लागला. ती गर्दी सारत माझ्यासमोर आली तेव्हा तिचा आवाज खाली आला होता, आणि तेच वाईट होतं.

"मामा, मला तांबडी म्हणा, बारकी म्हणा, माझी काई हरकत न्हाई. पण भूकंपाच्या साली मी नवी नवरी होते. आमच्या खोलीची दक्षिणेकडची भित पडली. मी उत्तरेच्या अंगाला होते म्हून राहिले. एकटीच राहिले. माहेरी येऊन ह्या पोराला वाढवलं. दक्षिणेला तोंड करून निघालेली नवरी मी गाडीत बसू देणार न्हाई. शांती केल्याबिगर न्यायची न्हाई. राहू द्या तिला इथंच."

हशा जिथल्या तिथं वाळला. किल्लारीच्या गाड्या इंजिन चालू करून उभ्या होत्या. एकेक इंजिन बंद होत गेलं. भाचीनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं आणि लगेच खाली घातली. बहिणीनं माझा दंड धरला. "दादा, आज पोरगी माघारी राहिली तर जन्मभर तिला ऐकावं लागंल. काईतरी कर. तुला येतंय ते कर."

मला येतं ते एकच.

मी तिथल्या तिथं दोन चकरा मारल्या. दुपारपासून सगळे एसी हॉलमध्ये कोंडलेले, त्यामुळे दिशा कुणालाच धड ठाऊक नव्हती. ध्रुव तर कुणाला दिसलाच नव्हता, आणि दक्षिण हा शब्द माझ्याच तोंडून निघालेला. ठाऊक होती ती फक्त गुरुजींना, कारण बोहलं त्यांनीच मांडलेलं. मी गुरुजींकडं पाहिलं. गुरुजींनी मला पाहून बुंदीचा अख्खा लाडू तोंडात घातला.

"आत्याबाई, माफ करा," मी म्हणालो. "मी थापाड्या माणूस. ही दक्षिण न्हाईच, पूर्व हाय. आन् तो तारा न्हाई, टॉवरचा दिवा हाय. भाव खायला थाप मारली."

जन्मात एकदा खरं बोललो, तर तेही खोटं म्हणून सांगायची पाळी! आणि माझी माणसं काय? "हाव, हाव, ह्याचं असंच असतंय!" साक्षीदारांची झुंबड उडाली. लोह्याचा साडू तर हात वर करून म्हणाला, "मला ह्यानं गोदावरीत देवमासा पायला म्हून सांगितलं होतं!"

आत्या हलली नाही. "मला कसं कळावं, तवा खोटं बोललाव का आता बोलायलाव?"

मी पुन्हा गुरुजींकडं पाहिलं, तर त्यांनी दुसरा लाडू उचललेला.

तेवढ्यात जावयांनी शेरवानीच्या खिशातून मोबाइल काढला. तळहातावर आडवा धरला, लिंबांच्या फटीकडं वळवला आणि बराच वेळ त्यात बघत राहिले.

"पूर्व," ते म्हणाले. मोबाइल खिशात गेला. "चल आत्या, उशीर व्हायलाय."

आत्यानं आधी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं, मग भाचीचा हात धरला आणि तिला स्वतः गाडीत बसवलं. इंजिनं पुन्हा सुरू झाली.

सुटलो म्हणायला हवं होतं. पण मोबाइलमधला दिशा दाखवणारा कंपास कशाला खोटं बोलेल? ती पूर्व असेल तर मी भाचीला दाखवलं काय? लातूरला परतलो आणि अंधार पडायच्या आत गच्चीवर. मित्र आपल्या जागी, दक्षिणेलाच. दुसऱ्या दिवशी पुन्हा वर. एका गिऱ्हाइकाचा कूलर मी खिडकीबाहेर तोंड करून बसवून आलो. त्याच्या गल्लीला आठवडाभर थंडी वाजली. शेवटी कामाचं निमित्त काढून नांदेड गाठलं आणि त्या अंगणात जाऊन उभा राहिलो, तर भर दुपार, सूर्य नेमका डोक्यावर, माझी सावलीसुद्धा पायाखाली लपलेली. वॉचमन विचारतो, "काय हरवलं का?" मी म्हणालो, "पूर्व." त्यानं मला पाणी दिलं. मग ढग आले आणि मित्र गेला. जेवताना, गल्ल्यावर बसल्यावर, अंघोळीला पाणी काढताना माझं आपलं चालूच: पूर्व का दक्षिण?

पंचमीला भाची माहेरी आली. न्यायला आलेले जावई तिला घेऊन परतताना चहाला माझ्या दुकानात थांबले. भाचीची तब्येत सुधारलेली. "आत्या मला जड काई उचलूच देत न्हाईत," म्हणाली आणि मामीकडं आत गेली.

मी स्टूल जवळ ओढलं. "जावईबापू, खरं सांगा. त्या दिवशी कंपास काय दाखवत होता?"

त्यांनी बशीतला चहा संपवला.

"मोबाइल बंद होता, मामा. बॅटरी दुपारीच संपली होती."